जिन्याच्या एका दिव्याला दोन बटणे : जुन्या घरातील टू-वे वायरिंग

गोव्यात घराची डागडुजी बहुधा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) बेताने निघते, आणि रंगारी दारात उभा राहिल्यावर घरातल्या कुणाला तरी आठवते की माडीवर जाणाऱ्या जिन्याचा दिवा खालूनच लागतो आणि खालूनच विझतो. वर झोपायला जाणाऱ्याने एकतर तो रात्रभर जळत ठेवायचा, नाहीतर विझवून कठडा चाचपत अंधारात पायऱ्या चढायच्या, अशी घरच्यांना दोन पिढ्यांची सवय लागलेली असते. हा दिवा दोन्ही टोकांना लागावा आणि दोन्ही टोकांना विझावा यासाठीची जोडणी म्हणजे टू-वे वायरिंग. तिच्यात समजायला कठीण असे फार थोडे आहे. ती बिघडते ती मुख्यतः दोन कारणांनी : स्विचचे कॉमन टर्मिनल (वायर जोडायच्या टोकांपैकी सामाईक टोक) नीट ओळखले जात नाही, किंवा फेज (वीज आणणारी जिवंत वायर) एका सर्किटचा आणि न्यूट्रल (परतीची वायर) भलत्याच सर्किटचा घेतला जातो. फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या चिऱ्याच्या घरात हे काम करून घेताना दुसरी चूक आम्ही पुरती भोगली, म्हणून तिच्याबद्दल पुढे अंमळ विस्ताराने लिहिले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच जसाच्या तसा बदलणे घरमालकाला मोकळे असले, तरी असलेल्या वायरिंगमध्ये भर घालणे किंवा फेरबदल करणे हे परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचे आणि त्याच्या वायरमनचे काम आहे. एका स्विचचे दोन स्विच करणे हा फेरबदलच होय. तेव्हा हा लेख हातात पकड घेऊन भिंतीला भिडण्यासाठी नाही; कामाची आखणी नीट करता यावी, वायरमनशी नेमके बोलता यावे आणि झालेले काम तपासून घेता यावे, यासाठी आहे.

आधी कागद, मग छिन्नी

चवथीच्या तोंडावर भिंती फोडू नयेत. चिरा हा सच्छिद्र दगड असून पावसाळाभर तो पाणी पिऊन बसलेला असतो, आणि अशा भिंतीत खाच मारून वर सिमेंटचा गिलावा केला की तो आठवडे न् आठवडे ओलाच राहतो. त्यावर चढवलेला रंग पुढच्या पावसाआधीच पोपडे धरतो. वायरिंगचे फोडकाम शिगमो आटोपल्यावर काढावे आणि मिरगाआधी संपवावे, रंग मग चवथीला द्यावा. ज्यांना हे जमले नाही त्यांच्यासाठी भिंत न फोडण्याचाही मार्ग आहे. तो पुढे येईल.

पहिले काम म्हणजे स्विचच्या जागा ठरवणे, आणि ते कागदावर नव्हे तर अंधारात प्रत्यक्ष चालून करावे. रात्री दिवा विझवून जिन्याकडे जावे आणि हात आपोआप भिंतीवर जिथे टेकतो तिथे खडूने खूण करावी. खालचा स्विच पहिल्या पायरीच्या अलीकडे आणि वरचा स्विच शेवटच्या पायरीच्या पलीकडे सपाट जमिनीवर उभे राहून हाताला लागला पाहिजे. पायरीवर उभे राहून वळावे लागेल अशा ठिकाणी तो कधीही नसावा. जमिनीपासून १.२ ते १.३ मीटर ही नेहमीची उंची ठीक असते. निजण्याच्या खोलीत एक स्विच दाराशी, कडीच्या बाजूला, आणि दुसरा खाटेच्या उशाशी घ्यायचा असेल, तर उशाकडचा जमिनीपासून ६० ते ७० सेंटिमीटरवर ठेवावा, म्हणजे पडल्या पडल्या हात पोहोचतो. दाराचे झडप कोणत्या बाजूला उघडते हे आधी पाहावे. उघड्या दाराच्या मागे अडकलेले स्विच मी इतके पाहिले आहेत की ही सूचना बाळबोध वाटली तरी लिहावीशी वाटते.

जागा ठरल्या की वायरीचा मार्ग टेपने मोजावा. आमच्याकडे खालच्या बोर्डापासून वरच्या बोर्डापर्यंतचा मार्ग साडेसात मीटर भरला. प्रत्येक बोर्डात ३० सेंटिमीटर वायर मोकळी सोडायची, म्हणजे एका वायरीला ८.१ मीटर, दोन स्विचमध्ये तीन वायरी, शिवाय वरची पेटी लोखंडी असल्याने अर्थची (जमिनीशी जोडलेली, सुरक्षेची) चौथी, असे मिळून ३२.४ मीटर. हा हिशेब आधी केला नाही की वायर दोन हात कमी पडते, आणि मग वायर झाकणाऱ्या पट्टीच्या आत पिळ मारून टेप गुंडाळलेला जॉइंट जन्माला येतो. जॉइंट बोर्डात किंवा जंक्शन बॉक्समध्येच असावा, भिंतीत वा पट्टीत कदापि नको.

दिव्यांच्या सर्किटला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची, आयएसआय चिन्हाची वायर आणि ६ अँपिअरचे स्विच पुरतात. एका दिवे-पंख्याच्या सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट यांहून अधिक भार टाकू नये हा जुना दंडक अजूनही पाळण्यासारखा आहे. रंगांबाबत काळी वायर न्यूट्रलची आणि हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थची, ही शिस्त कुठल्याही परिस्थितीत मोडू नये. दोन स्विचमधल्या वायरींसाठी लाल, पिवळा, निळा यांपैकी रंग घ्यावेत. पण घराला थ्री-फेज जोडणी असेल तर हेच तीन रंग तीन फेजचेही असतात, म्हणून त्या वायरींच्या दोन्ही टोकांना नंबरांच्या चिकटपट्ट्या लावून ठेवाव्यात. जुन्या घरात अजूनही लाकडी पट्टीवरची अ‍ॅल्युमिनियमची वायर निघत असेल, तर तिला तांब्याची वायर पिळून पुढे नेऊ नये. दोन धातूंचा तो सांधा आपल्या दमट हवेत आतून खात जातो आणि तापतो. ती वायर मेन बोर्डापर्यंत बदलणे हाच उपाय आहे.

टू-वे स्विचच्या पोटात

साध्या स्विचला मागे दोन टर्मिनल असतात, टू-वेला तीन. त्यांपैकी एक कॉमन. स्विच एका बाजूला दाबला की कॉमन पहिल्या टोकाशी जुळतो, दुसऱ्या बाजूला दाबला की पहिल्याला सोडून दुसऱ्याशी जुळतो. तो मोकळा कधीच राहत नाही. रेल्वेचा सांधा जसा गाडीला या रुळावर नाहीतर त्या रुळावर घालतो, तसा हा वीज दोन वायरींपैकी एकीवर घालतो. म्हणूनच टू-वे स्विचला चालू आणि बंद अशी स्वतःची स्थिती नसते. दिवा लागला आहे की नाही हे दोन्ही स्विच मिळून ठरवतात, आणि एका स्विचकडे पाहून ते कळत नाही.

मॉड्युलर स्विचमध्ये कॉमन बहुधा मधला असतो, पण या ‘बहुधा’वर काम सोडू नये, कारण जुन्या बॅकेलाइटच्या गोल स्विचमध्ये तो कडेलाही सापडतो. स्विच भिंतीबाहेर हातात असतानाच मल्टिमीटर बझरवर ठेवून तपासावे. दोन टर्मिनलना काड्या लावाव्यात आणि स्विच इकडून तिकडे दाबावा. ज्या जोडीत कुठल्याही बाजूला बझर वाजत नाही ती दोन बाहेरची टोके. उरलेला तिसरा तो कॉमन. त्याच्याशेजारी मार्करने ठिपका द्यावा. या अर्ध्या मिनिटाच्या कामावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

दोन जोडण्या, आणि एक नको असलेली

वायरिंग नव्याने होत असेल तर सरळ पद्धत वापरावी. फेज खालच्या स्विचच्या कॉमनला द्यावा. खालच्या स्विचच्या दोन बाहेरच्या टोकांपासून दोन वायरी निघून वरच्या स्विचच्या दोन बाहेरच्या टोकांना जाव्यात. वरच्या स्विचच्या कॉमनपासून एक वायर दिव्याला जावी. न्यूट्रल थेट दिव्याला जावा, कुठल्याही स्विचला त्याचा स्पर्श होऊ नये. दोन्ही स्विच एकाच मधल्या वायरीवर असतील तर वाट पूर्ण होऊन दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर असतील तर वाट तुटते. त्या दोन मधल्या वायरी वरच्या टोकाला उलटसुलट लागल्या तरी काहीही बिघडत नाही, एवढेच की दोन्ही बटणे खाली असताना दिवा लागलेला असण्याऐवजी विझलेला असेल.

घर जुने असेल आणि खालच्या बोर्डात फेज व दिव्याकडे जाणारी वायर या दोन्ही आधीपासून येत असतील, तर दिव्याच्या वायरीला अजिबात हात न लावता काम होते, आणि डागडुजीत मला हीच पद्धत अधिक सोयीची वाटते. खालचा साधा स्विच काढून तिथे टू-वे बसवावा. जुना फेज त्याच्या पहिल्या बाहेरच्या टोकाला आणि दिव्याची जुनी वायर दुसऱ्या बाहेरच्या टोकाला लावावी. आता खालून वर फक्त तीन वायरी न्यायच्या : पहिल्या टोकापासून पहिल्या टोकाला, दुसऱ्यापासून दुसऱ्याला आणि कॉमनपासून कॉमनला. खालचा स्विच पहिल्या टोकावर आणि वरचा दुसऱ्यावर असला की फेज खालच्या कॉमनमधून वरच्या कॉमनला आणि तिथून दुसऱ्या टोकाने परत खाली येऊन दिव्याला मिळतो. दोघे एकाच टोकावर असले की मिळत नाही. यात न्यूट्रल या दोन स्विचना लागतच नसल्याने चुकीची वायर चुकीच्या स्क्रूत गेली तरी दिवा वेडावाकडा वागेल, पण शॉर्ट होणार नाही.

तिसरी एक पद्धत काही वायरमन वायर वाचवण्यासाठी सुचवतात, आणि तिला स्वच्छ नकार द्यावा. खाली आणि वर दोन्ही बोर्डांत फेज-न्यूट्रल आहेतच, तर प्रत्येक स्विचच्या बाहेरच्या दोन टोकांना एक फेज आणि एक न्यूट्रल लावायचा, आणि दोन्ही कॉमन दिव्याच्या दोन बाजूंना न्यायचे, अशी ती युक्ती आहे. दिवा लागतो आणि विझतोही, म्हणून ती बरोबर वाटते. पण दोन्ही स्विच फेजवर असले की दिवा विझलेला दिसतो आणि होल्डरच्या दोन्ही पिना जिवंत असतात. बल्ब बदलणाऱ्याचे बोट तिथे लागले तर काय होईल हे सांगायला नको. शिवाय एका इवल्याशा स्विचच्या आत फेज आणि न्यूट्रल समोरासमोर येतात, आणि आतली पट्टी झिजली की तिथेच शॉर्ट होतो. थ्री-फेजच्या घरात खाली एक फेज आणि वर दुसरा असला तर आणखीच वाईट : त्या दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात आणि ते सगळे २३० व्होल्टच्या बल्बवर येतात.

फेज आणि न्यूट्रल एकाच सर्किटचे

आता आमची गोष्ट. जिन्याचे टू-वे झाले तेव्हा फेज तळमजल्याच्या बोर्डातून घेतला होता आणि दिवा माडीच्या तुळईला असल्याने न्यूट्रल जवळच्या माडीच्या बोर्डातून घेतला होता. सहा-सात वर्षे काहीच अडचण आली नाही. मग आम्ही सुरक्षिततेसाठी दोन्ही मजल्यांना ३० मिलिअँपिअरचा एकेक आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारे उपकरण) बसवून घेतला, आणि त्या संध्याकाळी जिन्याचा दिवा लावताच घर काळोखात गेले. काम करणाऱ्याने पावसाला बोल लावला, भिंतीत ओल आहे म्हणाला, आणि ‘ऊन पडले की जाईल’ असे सांगून निघून गेला. ऊन पडले, दिवा लावला, पुन्हा काळोख. गंमत अशी की ९ वॅटच्या बल्बाऐवजी ५ वॅटचा लावला तर आरसीसीबी कधी पडे, कधी न पडे, त्यामुळे ओलीचीच शंका पक्की होत होती.

कारण ओल नव्हते, साधा हिशेब होता. आरसीसीबी हा फेजने गेलेली आणि न्यूट्रलने परत आलेली वीज एकमेकांशी ताडून पाहतो, आणि फरक पडला की सर्किट तोडतो. आमच्या दिव्याची वीज तळमजल्याच्या आरसीसीबीतून बाहेर पडत होती आणि माडीच्या आरसीसीबीतून परत येत होती, म्हणजे दोघांच्याही वहीत जमाखर्च जुळत नव्हता. ९ वॅटला २३० व्होल्टने भागले तर ३९ मिलिअँपिअर येतात आणि एलईडी बल्ब प्रत्यक्षात त्याहून अधिकच ओढतो, तेव्हा ३० चा आरसीसीबी पडणारच. ५ वॅटचे सुमारे २२ मिलिअँपिअर होतात, आणि असे उपकरण १५ ते ३० यांच्या दरम्यान कुठेही पडू शकते. म्हणून तो लपंडाव.

आरसीसीबी नसलेल्या घरात ही चूक लपून राहते, पण तिथे ती अधिक धोक्याची असते. समजा माडीचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा सर्किटचा स्विच) बंद करून कुणी माडीच्या बोर्डातला न्यूट्रल सोडवला, आणि त्याच वेळी जिन्याचा दिवा खालच्या फेजवर चालू आहे. तर त्या सुटलेल्या काळ्या वायरीच्या टोकाला दिव्यातून आलेला फेज असतो. काम करणारा एमसीबी बंद आहे या भरवशावर तिला हात लावतो. म्हणून वायरमनला तोंडी आणि कागदावर दोन्हीकडे सांगून ठेवावे की या दिव्याचे फेज आणि न्यूट्रल एकाच एमसीबीच्या सर्किटचे असतील, मग त्यासाठी न्यूट्रलची वायर आठ मीटर अधिक लागली तरी चालेल.

इन्व्हर्टरलाही हाच नियम लागू आहे. पावसात वीज जाते तेव्हाच जिन्याला दिवा हवा असतो, म्हणून तो इन्व्हर्टरच्या सर्किटवर घेणे शहाणपणाचे आहे. मात्र तसे केल्यास फेजही इन्व्हर्टरचा आणि न्यूट्रलही त्याच सर्किटचा. वरच्या बोर्डात शेजारीच वीज खात्याच्या लाइनचा फेज दिसतो म्हणून तो या स्विचला जोडण्याचा मोह होऊ देऊ नये. सरळ पद्धत असो वा तीन वायरींची, फेज एकाच टोकाला, एकदाच येतो.

भिंतीवरची वाट

चिऱ्याच्या भिंतीत उभी खाच चालते, आडवी लांब खाच टाळावी. मातीच्या दर्जांच्या (दगडांमधल्या सांध्यांच्या) जुन्या भिंतीत आडवी खाच म्हणजे दगडाखालचा आधार काढून घेणे होय. खाच मारणारे यंत्र वापरले तर तांबडी धूळ घरभर उडते आणि ती कौलांच्या खालच्या वाशांवर जाऊन बसते, म्हणून यंत्र लावण्यापूर्वी देवघर आणि कपाटे झाकून घ्यावीत. खाचेत २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप घालावा, त्यात १.५ च्या चार-पाच वायरी सुखाने जातात आणि पुढे एखादी बदलायची झाली तर ओढूनही काढता येते. वायर नुसती गिलाव्यात गाडणे हे काम नव्हे. पाईपाला काटकोनी एल्बो न देता गोलाईचा बेंड द्यावा, नाहीतर वायर ओढायची स्प्रिंग अडकते.

पण माझा कल जुन्या घरात खाचेकडे नाही, पीव्हीसीच्या केसिंग-कॅपिंगकडे, म्हणजे आपण सर्रास पट्टी म्हणतो तिच्याकडे आहे. भिंत शाबूत राहते, पावसाळ्यातही काम होते, आणि पट्टीवर भिंतीचाच रंग मारला की आठ दिवसांनी ती डोळ्यांना दिसेनाशी होते. तिची आडवी रेघ दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला धरून न्यावी आणि जिन्यापाशी कठड्याला समांतर तिरकी न नेता कोपऱ्यातून उभी चढवावी, कारण पुढे कुणी खिळा ठोकताना वायर उभ्या-आडव्या रेषेतच असेल असे गृहीत धरतो. स्क्रूचे भोक चिऱ्याच्या अंगात पाडावे, मातीच्या दर्जेत नव्हे. दर्जेतली गुटी सहा महिन्यांत सैल होऊन पट्टी पोटात फुगते. प्रत्येक ६० सेंटिमीटरवर स्क्रू असला तर पट्टी बसून राहते.

बाहेरच्या बाल्कांवचा (दारापुढच्या ओसरीचा) दिवा टू-वे करायचा असेल तर बाहेरचा स्विच झडीपासून आत, खांबाच्या आडोशाला घ्यावा आणि झाकणाच्या जलरोधक पेटीत बसवावा. पेटीत पाईप वरून न आणता खालून आणावा, म्हणजे पाईपावरून ओघळणारे पाणी पेटीत उतरत नाही. पाईपाचे मोकळे तोंड बुजवावे. आपल्याकडे बोर्ड बंद पडण्याचे कारण शोधायला पेटी उघडली की आत मुंग्यांचे वारूळ किंवा वाळलेली पाल सापडणे यात कुणाला नवल वाटत नाही. समुद्रालगतच्या घरात स्क्रूंवर हिरवा गंज चढतो, तेव्हा तिथे वर्षातून एकदा एमसीबी पाडून बोर्ड उघडावा आणि स्क्रू पुन्हा आवळून घ्यावेत.

जोडताना

एमसीबी पाडावा आणि त्यावर चिकटपट्टी लावावी, म्हणजे घरातले दुसरे कुणी तो वर करणार नाही. मग टेस्टरवर भिस्त न ठेवता मल्टिमीटरने किंवा टेस्ट लॅम्पने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ असे दोन्हीकडे तपासावे. टू-वेमध्ये टेस्टर विशेष फसवतो. जी मधली वायर त्या क्षणी कशालाच जोडलेली नसते, ती शेजारच्या जिवंत वायरीला खेटून धावत असल्याने तिच्यात थोडा विद्युतदाब उमटतो, आणि टेस्टरचा निऑन तेवढ्यावरही मिणमिणतो. नेमका हाच प्रकार विझलेला एलईडी बल्ब रात्री मंद तेवताना किंवा मधूनच लुकलुकताना दिसतो. त्यात बहुधा धोका नसतो आणि वायरिंग चुकलेले असतेच असे नाही. बल्ब बदलून पाहावा, आणि तरीही राहिले तर होल्डरपाशी त्यासाठीच मिळणारा छोटा कपॅसिटर वायरमनकडून लावून घ्यावा. मात्र लाल इंडिकेटरचे स्विच अशा दिव्याला घेतले असतील तर आधी ते काढावेत.

वायरीचे आवरण ८ ते १० मिलिमीटर सोलावे. तारा पिळून एकत्र कराव्यात, टर्मिनलच्या भोकात पूर्ण घालाव्यात, स्क्रू आवळावा आणि मग वायर बोटांनी ओढून पाहावी. तांबे बाहेर दिसू नये आणि स्क्रूखाली आवरणही अडकू नये, या दोहोंच्या मधली जागा हाताला दोन-तीनदा केल्यावरच सापडते. तीन वायरींच्या पद्धतीत खालच्या स्विचच्या दोन टोकांना प्रत्येकी दोन वायरी येतात. त्या एकत्र पिळून एकाच वेळी आत घालाव्यात, एकीवर दुसरी दडपू नये. लोखंडी पेटीला अर्थ जोडावा, स्विच प्लास्टिकचा आहे म्हणून तो वगळू नये.

चार वेळा तपासणी

बोर्डावर प्लेट चढवण्याआधी दोन चाचण्या घ्याव्यात. बल्ब काढून, दोन्ही स्विच आलटून पालटून दाबत, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांच्यामधला इन्सुलेशन रोध मोजून घ्यावा. तो १ मेगाओहमहून कमी येऊ नये. ही पहिली. वायरमनकडे मेगर नसेल तर तो कंत्राटदाराकडून मागवायला सांगण्यात संकोच करू नये, विशेषतः जुन्या वायरी तशाच ठेवल्या असतील तर.

दुसरी चाचणी अगदी सोपी आहे. बल्ब लावून एमसीबी वर करावा आणि दोन्ही स्विचच्या चारही स्थिती करून पाहाव्यात : दोन्ही वर; खालचा खाली, वरचा वर; दोन्ही खाली; खालचा वर, वरचा खाली. या चारांपैकी बरोबर दोन स्थितींत दिवा लागला पाहिजे आणि दोन स्थितींत विझला पाहिजे. एकाच स्थितीत लागला किंवा तीन स्थितींत लागला, तर कुठल्या तरी स्विचवर कॉमनची वायर बाहेरच्या टोकाला गेली आहे. ‘वरचे बटण एका बाजूला असेल तरच खालचे चालते’ अशी तक्रार आपण सगळ्यांनी ऐकली आहे आणि अनेकांनी ती स्विचचा स्वभाव म्हणून मान्यही केली आहे. ती याच चुकीची आहे आणि दहा मिनिटांत दुरुस्त होते. दिवा चारांपैकी एकाही स्थितीत लागला नाही तर आधी बल्ब आणि न्यूट्रल पाहावा, मग दोन्ही कॉमन.

घरात आरसीसीबी असेल तर दिवा चालू ठेवून त्याचे चाचणीचे बटण दाबावे. तो पडला पाहिजे. मग पुन्हा वर करून दिवा दोन्ही टोकांनी पाच-सहा वेळा लावून विझवावा; यात तो पडता कामा नये.

तीन ठिकाणांहून एकच दिवा हवा असेल, उदाहरणार्थ वसरी, जिन्याचे वळण आणि माडी, तर दोन टोकांना टू-वेच राहतात आणि मधल्या जागी चार टर्मिनलचा इंटरमीडिएट स्विच येतो. सरळ पद्धतीतल्या दोन मधल्या वायरी त्यातून जातात आणि तो दाबला की त्यांची अदलाबदल करतो. तो साध्या दुकानात मिळेलच असे नाही, म्हणून भिंत फोडण्याआधी हातात असावा.

पाईप किंवा पट्टी बसल्यावर आणि गिलावा किंवा झाकण येण्याआधी, भिंतीला टेप लावून मार्गाचे फोटो काढून ठेवावेत. दोन्ही बोर्डांच्या प्लेटच्या आतल्या बाजूला ‘जिना, टू-वे, तळमजला एमसीबी ३’ असे जे काही असेल ते मार्करने लिहावे, कारण टू-वे दिव्याचा बल्ब बदलताना बटणाकडे पाहून वीज बंद आहे असे मानता येत नाही आणि दर वेळी योग्य तो एमसीबीच पाडावा लागतो. रंगारी आला की प्लेट सोडवून द्याव्यात, स्विचच्या तोंडावर कागदी पट्टी चिकटवावी आणि रंग पुरता वाळेपर्यंत ते सर्किट बंदच ठेवावे; ओल्या डिस्टेंपरचा एक ओघळ स्विचच्या फटीत गेला की नवा कोरा स्विच चवथीच्या आदल्या रात्रीच अडकतो.